गाठी वाचणारे सुकाआबा

सुकाआबा ड्रेसर शहाणे होते की वेडे, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आता केस पिकले तरी येत नाही. कधी वाटतं, पोरांचं दुखणं कळणारा त्यांच्यासारखा माणूस सगळ्या धुळ्यात दुसरा नव्हता. कधी वाटतं, छे! त्यांना काहीसुद्धा कळत नव्हतं, आणि ते तसं कबूलही करायचे. "समजत नही, पन शे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. समजत नाही, पण आहे. दिवसातून दहा वेळा ते हे म्हणत आणि दहाही वेळा मला राग येई.

मी जळगावची. मेहरूणच्या तळ्याजवळ माझं माहेर. विसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं, तेव्हा वडील म्हणाले, रडून दिवस ढकलण्यापेक्षा काहीतरी शीक. मी नर्सिंग शिकले आणि धुळ्याच्या एका इस्पितळात पोरांच्या वॉर्डात रुजू झाले. दुसरी लढाई सुरू व्हायला तेव्हा अजून काही वर्षं होती. तोंडाची मी पहिल्यापासून फटकळ. शिकून आले होते, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असाही एक भ्रम होता. त्यात पहिल्याच दिवशी हा माझ्याहून तीसेक वर्षांनी मोठा, काटकुळा, काळ्या टोपीचा माणूस मला "अक्का" म्हणाला. झालं! माझं त्यांच्याशी वाकडंच सुरू झालं.

आमच्या खानदेशात त्या काळी लहान पोरांना मुतखड्याचा आजार फार. आमच्या वॉर्डात निम्मी पोरं खड्याची. साहेब, म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, हाताचे वाकबगार. बेंबीखाली चीर द्यायची, खडा काढायचा, धुवायचा आणि कागदाच्या पुडीत घालून आईबापांच्या हातात ठेवायचा. "हा घ्या चोर. आता पोर हसेल." बहुतेक पोरं हसायचीही. काही मात्र हसायची नाहीत. टाके काढलेले, जखम भरलेली, ताप नाही, आणि पोर आपलं पोटाशी पाय घेऊन पडलेलं. अशांचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. खडा तर निघाला, मग आता दुखतंय काय? आम्ही म्हणायचो, लाडावलंय. इथे दूध मिळतं, घरी जायला नको. मीसुद्धा म्हणायची. आज लाज वाटते, पण म्हणायची.

सुकाआबा साक्रीच्या पलीकडच्या एका शेतकऱ्याचे चिरंजीव. पूर्ण नाव सुकलाल. पहिल्या लढाईत डोलीवाला म्हणून बसऱ्याला गेले, जखमी शिपाई उचलता उचलता मलमपट्टी शिकले, आणि परत येऊन इस्पितळात ड्रेसर झाले. इस्पितळाने दिलेले बूट ते वॉर्डाच्या दाराबाहेर काढून ठेवत आणि आत अनवाणी हिंडत. मी एकदा हटकलं, "आबा, हे काय देऊळ आहे?" तर म्हणाले, बुटांचा आवाज आला की पोरांना पट्टी सोडायच्या आधीच दुखायला लागतं. मी म्हटलं, असं कुठे असतं? त्यावर काय म्हणाले असतील, ते सांगायला नकोच.

पहिल्याच आठवड्यात आमची जुंपली. एका मुलाच्या जखमेला पट्टी चिकटून बसली होती. मी आपली सवयीने म्हणाले, "काही दुखणार नाही हं, बाळा." आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "अक्का, लबाड नका बोलू त्याले." खोटं नका बोलू त्याच्याशी. मग पोराला म्हणाले, "दुखी. थोडंसं दुखी. कवय दुखी ते मी आधी सांगसू." दुखेल, पण केव्हा ते आधी सांगेन. आणि कोमट पाण्याचा बोळा पट्टीवर ठेवून जे बसले ते बसलेच. दुसऱ्या दहा पोरांच्या पट्ट्या खोळंबलेल्या. मी धुसफुसत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आते," आणि पट्टी सोडवली. पोर किंचाळलं. म्हटलं, एवढं करून काय मिळवलंत? पण दुसऱ्या दिवशी तेच पोर आबांना पाहून स्वतःच सदरा वर करून पडलं. माझ्यासमोर मात्र ते पालथं व्हायचं. पोरांमध्ये एक गोष्ट पक्की होती, आबा लबाड बोलत नाहीत. आबांना कुणी हुशार म्हटलं तर ते संकोचायचे, पण ह्या एका गोष्टीचा त्यांना मनापासून अभिमान होता.

आणि त्यांची ती गाठीची पट्टी! बँडेजच्या गुंडाळीतून बोटभर रुंदीची लांब चिंधी फाडायची आणि पोराच्या मनगटाला सैल बांधायची. नियम असा की दुखलं की पोराने तिच्यावर एक गाठ मारायची. फार दुखलं तर गाठीवर गाठ. शेळ्यावासरं बांधून बांधून आमच्याकडच्या पोरांना गाठ मारता येतेच. आबा म्हणायचे, पोराला विचारलं 'दुखतंय का', तर ते आधी आईचं तोंड बघतं. आई घाबरलेली दिसली की म्हणतं, नाही. साहेबांनी विचारलं तर पुन्हा कापतील म्हणून नाही. तुम्ही विचारलंत तर, अक्का, तुम्ही रागवाल म्हणून नाही. चिंधीला कुणाचं भय नसतं.

रोज सकाळी आबा खाटेजवळ जमिनीवर मांडी घालून बसत. डोळे मिटत आणि चिंधी एका टोकापासून बोटांतून सरकवत नेत. गाठ लागली की थांबत. "हाई कवयनी?" ही केव्हाची? पोर सांगे, "दूध पिधं तवयनी." पुढची गाठ. "आनि हाई?" असं शेवटच्या गाठीपर्यंत. ऐकून घेऊन करत काय? काहीच नाही! फार तर उशी जरा सरकवतील, ऊन पाण्याची बाटली देतील. एकदा मी चिडून विचारलं, "अहो, नुसतं ऐकून दुखणं जातं का?"

"नही जात," आबा म्हणाले.

"मग?"

मग त्यांनी मला बसऱ्याची गोष्ट सांगितली. नाशिककडचा एक शिपाई होता. त्याचा पाय मांडीपासून कापलेला, पण तो रोज म्हणे, अंगठा दुखतो. सगळे हसत. अरे बाबा, पायच नाही तर अंगठा कुठला? आबा रोज संध्याकाळी घोंगडीखालची ती रिकामी जागा चेपत बसायचे. "मग बरं वाटायचं त्याला?" मी विचारलं. "कधी वाटे. कधी नही." "पण का?" आबांनी हात वर केले. पुढे हीच गोष्ट मी तीनदा ऐकली. दुसऱ्यांदा तो शिपाई साताऱ्याचा झाला आणि तिसऱ्यांदा अंगठ्याच्या जागी टाच आली. म्हणून ती खरी की खोटी याचाही मला संशय आहे. पण लबाड न बोलणारा माणूस ती सांगत होता, तेव्हा काय समजायचं ते समजा.

आता तुम्हीच विचार करा. पोराच्या मनगटाला पांढरी चिंधी, तिच्यावर गाठी, आणि एक म्हातारा समोर डोळे मिटून गाठी चाचपत काहीतरी पुटपुटतोय. बघणाऱ्याला काय वाटेल? बायांना वाटलं, हा गंडा. इस्पितळात एक मोठा भगत बसतो आणि दुखण्याला गाठीत बांधून टाकतो. चाळीसगावकडच्या एका बाईने त्यांच्यापुढे नारळ ठेवला. आबांनी तो परत केला. बिचारीला वाटलं, नैवेद्य कमी पडला. दुसऱ्या दिवशी ती कोंबडी घेऊन आली! कोंबडी वॉर्डभर पळाली आणि पोरं पोट धरून हसली. आबा मात्र रडवेले झाले. "अक्का, मी काय भगत शे का?" असं सगळ्यांना विचारत सुटले.

साहेबांच्या कानावर गेलंच. त्यांनी आबांना बोलावलं. "सुकलाल, माझ्या वॉर्डात गंडेदोरे करतोस?"

"नही साहेब. गाठी वाचस."

ह्या उत्तराने प्रकरण सुधारलं नाही हे उघड आहे. पण साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी एका पोराची चिंधी बोटात धरून पाहिली, 'हं' केलं आणि पुढे गेले. चिंध्या चालू राहिल्या.

ह्या सगळ्यात केसर आली.

केसर आठ वर्षांची. साक्रीच्या पुढच्या डोंगराकडच्या गावातली. आई बाळंतपणात गेलेली, बाप शेतात, पोरीला वाढवलं मोठमायने, म्हणजे आजीने. दिवाळीच्या सुमारास तिचा खडा काढला होता. सुपारीएवढा निघाला. होळी झाल्यावर मोठमाय तिला परत घेऊन आली. जखमेची नुसती रेघ उरली होती, पण पोर कमरेत वाकून चालत होती. "दुखस," एवढंच म्हणायची, तेही ऊन पडलंय असं सांगावं तशा आवाजात. रडायची नाही, त्यामुळे मला आणखीच शंका. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "अगं, खडा निघाला ना तुझा? मग आता कसलं दुखणं?"

तिने परकराच्या काठाला बांधलेली पुरचुंडी सोडली. आत तो खडा होता. तळहातावर ठेवून मला दाखवला आणि म्हणाली, "खडा हाई शे. मंग आते मझार काय शे?"

खडा तर हा इथे आहे, मग आता आत काय आहे? बोलायला कधी न अडखळणारी मी, खोटं कशाला सांगू, तिथून सटकले.

साहेबांनी तिला नीट तपासलं. पोट दाबून पाहिलं, सळई घालून पाहिलं. पोरीचे ओठ पांढरे पडले, पण आत काही लागलं नाही. "काही नाही. घरी न्या," साहेब म्हणाले. तेव्हा आबा पुढे झाले. मोठ्या माणसापुढे बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, त्या दिवशी बोलले. महिनाभर हिला चिंधी देतो, घरी बांधू द्या, मग ती बघून तुम्ही ठरवा. साहेब म्हणाले, "ठीक आहे. खरंच तसं दुखत असेल तर पुन्हा उघडून बघू. नसेल तर हा विषय बंद."

म्हणजे सगळं त्या चिंधीवर येऊन ठेपलं. एकतर पोरीचं पोट पुन्हा उघडायचं, नाहीतर ती खोटारडी ठरणार.

आबांनी केसरला नियम समजावला. मोठमाय मला प्रश्न विचारून विचारून भंडावत होती, हे काय, कशाला, आंघोळीला काढायचं का. माझ्यामागे कामं पडलेली. मी तिला एकदाचं गप्प करायला म्हटलं, "मोठमाय, ही नीट जपा. हिच्यावरच पोरीचं सगळं आहे." म्हातारीने दोन्ही हात जोडून चिंधीला नमस्कार केला. तो मी पाहिला. त्या नमस्कारात काय आहे ते कोंबडीच्या प्रकरणानंतरसुद्धा मला कळू नये? पण नाही कळलं. चिंधीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे म्हातारीला सांगायचं राहूनच गेलं.

महिन्याने दोघी परत आल्या. चिंधी पाहून मी हबकले. तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. आबांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. उजळला, कारण पोर खरी ठरली. उतरला, कारण इतकं दुखणं! चिंधी घेऊन ते तडक साहेबांकडे गेले. साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन लावलं. डोळे मिटून बोटांनी वाचायची चिंधी आबांनी त्या दिवशी नुसती डोळ्यांनी पाहिली होती. आनंदाच्या भरात माणूस चुकतो. इतक्या वर्षांत त्यांची ही एकच चूक मी पाहिली.

सकाळी केसरला न्यायची तयारी झाली. हत्यारं उकळली होती, भूल देणारे डॉक्टर आले होते. पोर दाराकडेच बघत होती. तिचा जीव रमावा म्हणून आबा नेहमीसारखे जमिनीवर बसले, डोळे मिटले आणि चिंधी बोटांतून सरकवू लागले. "हाई कवयनी?" "बकऱ्या घर उन्यात, तवयनी." बकऱ्या घरी आल्या तेव्हाची. पुढची. "आनि हाई?" केसर गप्प. आबांनी ती गाठ पुन्हा चाचपली, नाकाशी नेली. तेलाचा वास. डोळे उघडले.

"केसर, हाई तुनी का?"

"हाई मनी नही. हाई मोठमायनी."

म्हातारी शेजारीच होती. ती अभिमानाने सांगू लागली. पोर कण्हली की ती कानबाई देवीचं नाव घेऊन गाठ मारायची. शनिवारी तेल लावून एक जास्तीची. गंडा जितका भरेल तितकं दुखणं आत बांधलं जाईल, हे कुणाला ठाऊक नाही? केसरने कधी सांगितलं कसं नाही, असं तुम्ही विचाराल. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आबा उठले. साहेब हात धूत होते. आबा म्हणाले, "साहेब, चिंधी खोटी शे." मग घाईघाईने, "पन दुखणं खरं शे."

"दोन्हीपैकी काय ते एक बोल, सुकलाल."

"अर्धा तास द्या."

तो अर्धा तास मला जन्मभर पुरला आहे. आबा नखांनी एकेक गाठ सोडवत होते. "हाई तुनी?" "मनी नही." सोडायची. "हाई?" "हाई मनी. पानीना हंडा उचला, तवयनी." ठेवायची. पोरीला स्वतःची एक एक गाठ ओळखू येत होती. नुसती ओळखू नाही, तेव्हा कुत्रं कुठे बसलं होतं इथपर्यंत आठवत होतं. मोठमाय बिथरली. भगत आपल्याच हाताने दुखणं मोकळं सोडतोय! "नका हो, बाबा, नका सोडू," म्हणून ती आबांचा हात धरू लागली. मी तिला मिठी मारून बाजूला धरून ठेवलं. म्हातारी माझ्या खांद्यावर रडत होती आणि आता मलाही रडू येत होतं. कुणासाठी ते सांगता येत नाही.

शेवटी चिंधीवर मोजक्या गाठी उरल्या. लहान, घट्ट. बहुतेक हंडा उचलताना आणि वाकताना मारलेल्या. आबांनी त्या साहेबांपुढे धरल्या. साहेबांनी त्या एकेक करून पाहिल्या. मग हात पुसले. "एवढ्यासाठी मी पोट उघडणार होतो?" आबा म्हणाले, "साहेब, एवढं तरी शे ना?" साहेब म्हणाले, "असेल. पण कापून काढण्यासारखं मला काही सापडत नाही. नुसतं दुखणं कापता येत नाही, सुकलाल." आणि ऑपरेशन रद्द. त्या दिवसापासून वॉर्डात चिंध्या बंद.

साहेब बरोबर होते का? पुन्हा उघडलं असतं तर काही मिळालं असतं, की नुसतं आणखी एक दुखणं वाढलं असतं? मी पुढे कितीतरी ऑपरेशनं पाहिली, कितीतरी डॉक्टर पाहिले. अजून माहीत नाही.

मोठमायने गाठोडं बांधलं. जाताना दारात थांबून आबांना म्हणाली, "तुमनं लोखंड चालनं नही. आते आमनं." आणि शनिवारचं नाव घेतलं. मला पहिल्यांदा समजेना. आबांना लगेच समजलं. पोटदुखी थांबत नसली की विळा तापवून पोटावर डाग द्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. जिथे टाक्यांची रेघ, तिथेच विळा टेकवणार.

शनिवारी आबांनी रजा घेतली. मीही घेतली. का गेले विचाराल तर ती 'नीट जपा' म्हणणारी जीभ माझी होती. एकट्या विधवेने परक्या पुरुषाबरोबर मोटारीने जावं म्हणून इस्पितळात कुजबुज झाली. होऊ दे म्हटलं. साक्रीपर्यंत सर्व्हिस मोटार आणि पुढे बैलगाडी. वाटेत आबांनी शंभरदा सांगितलं असेल की म्हातारीला ते सगळं नीट समजावून सांगतील. डागाने काय होतं, कातडी कशी जळते, पू कसा होतो. मीही दोनचार मुद्दे दिले.

आम्ही पोचलो तेव्हा विळा चुलीत होता. केसर भिंतीला पाठ लावून बसली होती. उरलेल्या गाठींची ती चिंधी तिने पुन्हा मनगटाला बांधली होती. बाप दारात मान खाली घालून उभा. आबांनी कातडी आणि पू सुरू केलं. म्हातारी ऐकेना. "पोर रोज मरस, ते तुमले चालस!" असं ती म्हणाली, आणि खरं सांगते, मला तिच्या म्हणण्यातही तथ्य वाटलं. तीही पोरीचं दुखणंच घालवायला बघत होती. पदराने धरून तिने विळा बाहेर काढला.

तेव्हा आबांचा आवाज बदलला. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यांनी केसरचं मनगट धरून वर केलं आणि म्हणाले, "गाठ शे तवलग लोखंड लावानं नही! लोखंड लावं ते गाठ सुटी, नि दुखणं बठ्ठा घरमा फिरी!"

लोखंड लावाल तर गाठ सुटेल आणि दुखणं सगळ्या घरात फिरेल. म्हातारीच्या हातातला विळा खाली पडला. तिने तिथेच जमिनीला डोकं टेकवलं. आबा त्याच आवाजात पुढे म्हणाले, चिंधीला केसरशिवाय कुणी हात लावायचा नाही. गाठ तिनेच मारायची. हंडा तिला उचलायला लावायचा नाही. आणि महिन्यातून एकदा साक्रीच्या बाजाराला येऊन मला गाठी दाखवायच्या. सगळं कबूल झालं.

परतताना मोटारीत ते खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "अक्का, मी लबाड बोलनू."

"अहो, बरं केलंत! पोर वाचली."

"केसरनी ऐकं," ते म्हणाले.

एवढंच. मला तेव्हा चीड आली. भगत म्हणवून घेतल्याची लाज असेल म्हटलं. नंतर लक्षात आलं. त्या पोरीचा एकाच माणसावर विश्वास होता, आणि त्याने तिच्यादेखत, तिचंच मनगट धरून खोटं सांगितलं होतं. आता दुखी, थोडंसं दुखी, असं म्हटलं तर ती ते खरं मानेल का? हे त्यांना सलत होतं. मी त्यांना धीर द्यायला हवा होता. तो मी दिला नाही.

पुढे मला जळगावला बदली मिळाली. आबा निवृत्त होऊन गावी गेले, एवढं कानावर आलं. वर्षं गेली, लढाई सुरू झाली आणि संपलीही. स्वराज्य येणार म्हणून जो तो बोलत होता, त्या सुमारास देवी टोचायच्या कामावर मी साक्रीला गेले. बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या राशींच्या पलीकडे लिंबाखाली मला काळी टोपी दिसली. आबा फार थकले होते. डोळ्यांना दिसत नसावं, कारण मान भलतीकडेच होती. समोर एक तरुण बाई बसली होती, हातात हिरवा चुडा, मांडीवर लहान मूल. मी पुढे होणार तोच ऐकू आलं, "हाई कवयनी?" आणि पाय तिथेच थांबले.

आबा चिंधी बोटांतून सरकवत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. पुन्हा उलटे आले. मधोमध एकच गाठ लागली. ती त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिली, नाकाशी नेली, पुन्हा दाबली. त्यांची बोटं ती गाठ ओळखू शकत नव्हती असं मी तरी मानणार नाही.

"केसर, हाई दुखनी नही," ते म्हणाले. ही दुखण्याची नाही.

केसर हसली. तिचा आवाज अजून तसाच होता, ऊन पडलंय असं सांगणारा. "नही, आबा. ती मी आते वाटमा बांधी. तुमनाकडे रिकामी कशी आनू?"

म्हणजे दुखणं गेलं होतं. कधी, कसं, का, कुणास ठाऊक. आबांनी मान हलवली. "समजत नही," म्हणाले. पुढचं अर्धं वाक्य येईल म्हणून मी वाट पाहत होते. ते आलं नाही.

मला वाटलं, आता ते ती गाठ सोडतील. त्या सकाळी म्हातारीची एकेक खोटी गाठ त्यांनी नखांनी सोडवली होती, ते मी विसरले नव्हते. त्यांनी गाठ सोडली नाही. चाचपडत केसरचं मनगट शोधलं, आणि चिंधी तिच्या गाठीसकट हिरव्या चुड्याच्या वर सैल बांधून दिली.